समुद्राची पाहणी, पंधरा मिनिटे

"समुद्र ही बघण्याची गोष्ट नाही, नियोजनाची आहे," असं काशीनाथ गजभिये यांनी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावरून जाहीर केलं. त्या वेळी दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये नळाला पाणी नव्हतं, आणि त्यांच्या पत्नी मीराबाई बादलीतल्या शेवटच्या दोन तांब्यांवर कुकर घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जाहीर करण्याचा अधिकार मात्र काशीनाथांना होता. एका मंत्रालयात ते बावीस वर्षं वरिष्ठांचे दौरे आखत आले होते. साहेबांनी कुठे उतरायचं, कुठे चहा घ्यायचा, कुठे खंत व्यक्त करायची, सगळं त्यांच्या हातचं. त्यातून कोकणपट्टी म्हणजे तोंडपाठ. मालवणहून वेंगुर्ल्याला निघालेली गाडी वाटेत कुठे थांबवली तर नारळपाणी चांगलं मिळतं, हे ते दिल्लीतल्या खुर्चीवरून सांगत, आणि साहेब परत येऊन म्हणत, बरोबर होतं.

मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी सरकारी सवलतीचा एक प्रवास, म्हणजे एलटीसी, शिल्लक होता. आणि एक शब्दही शिल्लक होता. एकतीस वर्षांपूर्वी भंडाऱ्याला, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी मीराबाईंना म्हटलं होतं, तुला समुद्र दाखवीन. त्यानंतर दर सवलतीला गावाकडे कुणाचं तरी लग्न निघालं, नाहीतर कुणाचं तरी ऑपरेशन. आता ही शेवटची संधी. अर्ज सोमवारी द्यायचा होता.

म्हणून त्यांनी फाईल उघडली होती. मार्चअखेर मुलीच्या, क्रांतीच्या, कॉलेजला सुट्टी होती, आणि मुलाला, अतुलला, मानेसरच्या कारखान्यातून मोठ्या मिनतवारीने पाच दिवस मिळाले होते. मुख्यालय मालवण. रोज सकाळी निघायचं, एकेक किनारा उरकायचा आणि संध्याकाळी मुख्यालयी परत यायचं. कुटुंबाने अभिप्राय लिहून सही करायची. तीन दिवसांत अभिप्राय न आल्यास संमती गृहीत धरली जाईल, असंही खाली लिहिलं होतं. चौथा दिवस चालू होता, पण मीराबाईंची संमती गृहीत धरण्याचं धाडस काशीनाथांनी केलं नव्हतं.

"बाबा," क्रांतीने पहिलं पान उघडलं, "सव्वानऊला 'स्थानिक अधिकाऱ्यांकडून स्वागत' लिहिलंय. कौन करेगा?"

"जुना मसुदा नमुन्याला घेतला होता. ते राहिलं असेल. खोड."

"आणि 'पुष्पगुच्छ स्वीकारणे'?"

"तेही खोड."

"ते राहू दे यार," अतुल म्हणाला. "कारखान्यात मला कुणी थँक्यूसुद्धा म्हणत नाही."

क्रांतीने पान उलटलं. "दुसरा दिवस. पावणेअकरा ते अकरा, समुद्राची पाहणी व सूचना." ती थांबली. "सूचना कुणाला?"

"असल्यास," काशीनाथ म्हणाले. "सूचना केल्या नाहीत तर पाहणी झाली असं धरत नाहीत."

"आणि फक्त पंधरा मिनिटं?"

"पुरतात. आजवर एकाही साहेबाची तक्रार नाही."

"अच्छा. मग पाण्यात पाय कधी घालायचे?"

काशीनाथांनी फाईल स्वतःकडे ओढली, दोन पानं पुढे पाहिली, दोन मागे. "पाय घालण्याची तरतूद नाही," ते म्हणाले. "साहेब लोक बूट काढत नाहीत."

स्वयंपाकघरातला कुकर घासण्याचा आवाज थांबला.

"पण पाणी कसं असतं हो तिथलं?" क्रांती म्हणाली. "मार्चमध्ये थंड असतं का?"

"त्याची माहिती मागवावी लागेल."

"मागवायची कशाला? तुम्ही इतके दौरे केलेत."

"केले म्हणजे तयार केले." काशीनाथांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "साहेबांबरोबर त्यांचा खाजगी सचिव जातो. मी इथे असतो, फोनवर. गाडी पोहोचली नाही तर कुणीतरी जागेवर लागतं ना."

अतुलने बहिणीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "म्हणजे बाबा, तुम्ही समुद्र पाहिलेलाच नाही?"

"कागदोपत्री पाहिलेला आहे," काशीनाथ म्हणाले.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, टँकर आ गया. दोघंही चार बादल्या घेऊन जिन्याने धावली. एरवी अतुल टँकरसाठी कधी धावत नसे.

मीराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी फाईल घेतली, सगळी पानं शांतपणे वाचली, अगदी 'प्रत माहितीसाठी' इथपर्यंत.

"तुला दाखवायचा म्हणून एवढं केलं," काशीनाथ म्हणाले. "वेळा वाढवता येतील. वीस मिनिटं करू."

"मी पाहिलाय," मीराबाई म्हणाल्या.

"काय पाहिलंस?"

"समुद्र. दादरला. नऊ वर्षांची होते. बाबांबरोबर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेले होते ना. रांग पार किनाऱ्याकडेने गेली होती. सात तास उभे होतो. एका बाजूला माणसं आणि एका बाजूला तो."

काशीनाथांनी मनातल्या मनात सात तासांतून पंधरा मिनिटं वजा केली आणि उत्तर स्वतःपाशीच ठेवलं. सहा डिसेंबरला त्यांचं मुंबईला जाणं कधी जमलंच नव्हतं. आधी परीक्षा असायच्या. नोकरी लागली तेव्हापासून हिवाळी अधिवेशन, आणि अधिवेशनात रजा मागणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. दरवर्षी ते दिल्लीतच वंदन करून ऑफिसला जात.

"एकतीस वर्षांत बोलली नाहीस?"

"तुम्ही दाखवणार होतात ना. पाहिलाय म्हटलं असतं तर विषय निकाली काढला असता तुम्ही. मग मला परत कोण नेणार होतं?"

हे खरं होतं. निकाली निघालेला विषय काशीनाथांनी नोकरीत एकदाही पुन्हा उघडला नव्हता.

"परत कशाला जायचंय पण? सात तास पाहिलास."

"पाहिलाच फक्त. पाण्यात जाते म्हटलं तर बाबा म्हणाले, रांग सुटेल. सात तास हात धरून ठेवला होता माझा." मीराबाईंनी फाईल त्यांच्यासमोर परत ठेवली. "इथे पाय घालायला जागा करा, मग सही करते. नसेल जमत तर राहू दे. भंडाऱ्याला जाऊ, माझ्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहेच."

काशीनाथांनी दुसऱ्या दिवसाचं पान काढलं. मग त्यांनी पेन उघडलं. विजयदुर्ग खोडला. देवगड खोडलं. दीपगृह, मत्स्यबाजार, मान्यवरांशी चर्चा, एकामागोमाग एक रेघ ओढत गेले. असं आजवर त्यांनी एकाही मंत्र्यासाठी केलं नव्हतं. शेवटी पानावर एकच ओळ उरली. तिच्यातलं 'समुद्राची पाहणी व सूचना' खोडून त्यांनी 'समुद्रात पाय घालणे' लिहिलं. 'पावणेअकरा ते' एवढं ठेवलं आणि अकरा खोडून त्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पुढील आदेशापर्यंत.

"आदेश कुणाचा?" मीराबाईंनी वाचून विचारलं.

"तुझा."

त्यांनी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढी कचेरीची रीत त्यांना येऊ लागली होती.

जिन्यावर बादल्या आपटल्याचा आवाज आला. मुलं भांडत वर येत होती, कुणी जास्त पाणी सांडलं यावरून. काशीनाथांनी फाईलला दोरी बांधली, गाठ मारली, दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मीरा, एक करशील?"

"काय?"

"तिथे पोहोचलो की पोरांसमोर जरा नवल वाटल्यासारखं कर."