वर्तुळ सोडायचं नाही

कल्पिताचं नाव यादीत पुन्हा तळाला होतं. सलग चौथ्या दिवशी.

मी तिच्या मागे पाटावर बसून सुका जवळा निवडत होते. माहुलच्या आमच्या घरात दुपारचा उजेड एकाच खोलीत बरा येतो आणि माझ्या नातीचा कॉम्प्युटरही त्याच खोलीत आहे. त्यामुळे तिच्या बंदुका आणि माझा जवळा शेजारी शेजारी असतात. खेळ संपला की पडद्यावर आठ नावं येतात, चार ह्यांची, चार समोरच्यांची. ज्याने जास्त माणसं मारली तो वर.

स्पीकरमधून दिशाचा आवाज आला. दिशा त्यांच्या संघाची कप्तान, कल्पिताच्याच कॉलेजातली.

"कल्पू, तीन किल? मिथुनचे एकोणीस आहेत!"

"अगं, मी मागून राखत होते ना त्याला."

"ते राखणं गेलं खड्ड्यात. हे बघ, रविवारी अंधेरीला मॅच आहे. तिथे पण अशीच तळाला राहिलीस, तर पुढच्या राउंडला मी श्वेताला घेणार. राग मानू नकोस यार."

"श्वेता डोळे मिटून दहा मारते," मिथुन मध्येच बोलला.

कल्पिताने आवाज बंद केला. ती रडली नाही. आमच्याकडे रडू आलं की जबडा आवळतात, तिचा बापही तेच करतो. ह्या संघात शिरायला तिला दोन वर्षं लागली होती. दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा घेतलं. तेव्हा तिने गल्लीत सगळ्यांना पेढे वाटले होते. आता हे.

"तुला सुरमईची गोष्ट सांगितलीय का गो मी?" मी विचारलं.

"शंभर वेळा."

"मग एकशे एकावी ऐक."

चेंबूरच्या मासळीबाजारात माझी जागा खांबाजवळ होती, सासूने दिलेली. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाजाराचा रिवाज असा, की ओट्यावर बाई तरी हवी नाहीतर तिची पाटी तरी. दोन्ही नसली की जागा मोकळी. मग पहिली पाटी टेकवेल तिची. म्हणून आम्ही शेजारणी जोडीने बसायचो. एकीला उठायचं असलं की दुसरी आपली पाटी तिच्या जागेवर सरकवायची. त्या दिवशी माझी जोडीदारीण प्रेमा आली नव्हती. एका माणसाने माझ्यासमोरची सुरमई उचलली आणि सरळ चालू लागला. माझं डोकं फिरलं. बाकीची मासळी उघड्यावर कशी टाकू, म्हणून पाटी डोक्यावर घेतली आणि त्याच्यामागे धावले. टपालपेटीपाशी गाठला त्याला. सुरमई हिसकावली, वर चार शिव्या दिल्या. बघणारे हसले. मी विजयी होऊन परत आले, तर खांबाजवळ पलीकडच्या कोळणीची, रतनची पाटी. रतन म्हणाली, "कृष्णाबाय, सुरमई मिळाली ना? मग झालं तर."

ती जागा परत मिळवायला मला अकरा महिने लागले. अकरा महिने मी दारोदार फिरून मासळी विकली. आज पन्नास वर्षं झाली, तरी त्या सुरमईचे डोळे मला दिसतात.

"म्हणजे मी काय करू?" कल्पिताने विचारलं.

"कोणाच्या मागे धावू नको. एक जागा धर आणि ती सोडू नको."

दुसऱ्या दिवशी सरावात तिने माझं शब्दशः ऐकलं. एका गोदामाच्या कोपऱ्यात जाऊन बसली ती उठेचना. तिच्याकडे कोणी फिरकलंही नाही. तिकडे बाकीचे तिघे चौघांशी लढत होते, पटापट मरत होते. खेळ संपला तेव्हा तिच्या नावापुढे शून्य होतं.

"ए कल्पू," मिथुन म्हणाला, "टपरी टाकलीस का तिथे? दोन कटिंग पाठव."

दिशा निरोप न घेताच लाइनवरून गेली. ते जास्त वाईट होतं.

कल्पिताने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "आजी, वाट लागली माझी. हा वेगळा मोड होता. ह्यात जागेला काही किंमतच नसते."

"मोड म्हणजे?"

"म्हणजे खेळ तोच, पण जिंकायचं कशावर ते वेगळं."

मला लाज वाटली. कुठल्या बाजारात बसलोय ते बघूनच भाव सांगावा, हे मी सुनेला आयुष्यभर शिकवलं. आणि नातीला मात्र बाजार न बघताच सल्ला दिला होता. मी जवळ्याचं सूप बाजूला सारलं.

"पहिल्यापासून सांग. जेवढे असतील तेवढे मोड सांग. समजल्याशिवाय मी इथून हलायची नाय."

"आजी, राहू दे ना."

"चार बोंबील आण, आणि लसूण."

जमिनीवर चार सुके बोंबील मांडले, ते ह्यांचे. चार लसणीच्या पाकळ्या, त्या समोरच्यांच्या. कल्पिता आधी वैतागून सांगत होती, मग तीच खाली बसली.

पहिला मोड सरळ होता. जो संघ जास्त मारेल तो जिंकला.

"ही फिरती झाली," मी म्हटलं. "दारोदार फिरायचं, बसून राहिलं की उपास. आज तू फिरतीच्या दिवशी ओट्यावर बसलीस. चूक माझी."

दुसऱ्यात एका बाजूच्या एकाकडे बॉम्ब असतो. ठरलेल्या ठिकाणी तो नेऊन ठेवायचा आणि फुटेपर्यंत राखायचा. दुसरी बाजू अडवते. हे मला लगेच कळलं. भाऊच्या धक्क्यावरून माल आणताना असंच असायचं. एकीच्या डोक्यावर पाटी, बाकीच्या तिच्यासाठी गर्दीतून वाट काढणाऱ्या.

तिसऱ्यासाठी तिने मध्ये चहाची बशी ठेवली. "हे वर्तुळ. ह्यात फक्त आपलं माणूस उभं असलं की दर सेकंदाला आपल्याला एक गुण. दोन्हीकडची माणसं आत असली तर कोणालाच नाही. आधी दोनशे करेल तो जिंकला. मेलं की थोड्या वेळाने लांब कुठेतरी पुन्हा जिवंत होतो, मग धावत यायचं."

"आणि मारण्याचे गुण?"

"ह्यात नसतात."

"एकही नाय?"

"एकही नाही."

मी बशीकडे बघत बसले. "परवा पडद्यावर असंच वर्तुळ होतं, त्यातच हरलात ना तुम्ही?"

"हो. आणि किल आमचे जास्त होते. चाळीस आणि त्यांचे सव्वीस."

"तेव्हा बशीत कोण होतं?"

कल्पिताने आठवायला वेळ घेतला. मग एकेक बोंबील उचलून बशीपासून लांब ठेवत गेली. चारही बोंबील दाराशी पोचले.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "आम्ही चौघे त्यांच्या मागे..."

"सुरमईच्या मागे."

त्यावर ती पहिल्यांदा हसली. "पण आजी, मी बशीत उभी राहिले तर माझे किल होणारच नाहीत. दिशा तर यादीच बघते."

हे खरं होतं. "ते तू ठरव," मी म्हटलं. "पण उभं राहायचं असेल तर एकटीने राहू नको. माझ्या शेजारी त्या दिवशी प्रेमा असती, तर जागा गेली नसती."

तिने संध्याकाळी प्रांजलला फोन लावला. प्रांजल त्यांच्यातली चौथी, कमी बोलणारी. "ऐक ना, तिसऱ्या मोडमध्ये मी आत आणि तू भिंतीमागे. मी मेले की तू आत ये. तू मेलीस की मी. काय? नाही, दिशाला विचारलं नाहीये."

रविवारी मी घाटकोपरहून मेट्रोने तिच्याबरोबर अंधेरीला गेले. औद्योगिक वसाहतीतला तो हॉल कधीकाळी कारखाना असावा. वर मोठाले लोखंडी आडवे खांब तसेच होते. आता खाली एसीची थंडी, स्टेजवर दोन बाजूंना चार-चार कॉम्प्युटर आणि वर भिंतीएवढा पडदा. समोर बोरिवलीच्या एका कॉलेजाची मुलं होती. मी तिसऱ्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली.

एक मुलगी आली. टी-शर्टच्या पाठीवर नाव छापलेलं, श्वेता.

"आजी, इथे कोणी आहे का?"

"आहे. कल्पिता."

"ती तर वर खेळतेय."

"खेळून झाल्यावर बसेल ना."

श्वेता मागे जाऊन बसली.

पहिला खेळ फिरतीचा. कल्पिता जिवाच्या आकांताने पळत होती, सहा मारले, सातदा मेली. संघ थोडक्यात हरला. दुसऱ्यात मिथुनने बॉम्ब नेला आणि तिघांनी त्याला झकास वाट काढून दिली. तो खेळ ह्यांनी जिंकला. एकेक झाली. आता बशी.

सुरुवातीपासून कल्पिता वर्तुळात एका मोडक्या गाडीआड बसली. दिशा आणि मिथुन बाहेर धावत होते, मारत होते, मरत होते. कल्पिता आणि प्रांजल दोघी पडल्या की तिकडचा आकडा चढे, परत आल्या की इकडचा, असे आकडे बरोबरीने चढत होते. एकशे ऐंशीच्या पुढे समोरच्यांचा सगळ्यात भारी खेळाडू जखमी होऊन पळाला, अगदी कल्पिताच्या पुढ्यातून.

"कल्पू, तो अर्धमेला आहे!" दिशा स्टेजवरून ओरडली. "जा, मार! फुकटचा किल आहे!"

पडद्यावर मला तो पळताना दिसत होता. वळून चार पावलं टाकली असती तर मिळाला असता. कल्पिता जागची हलली नाही.

"कल्पू, बहिरी झालीस का?"

"मी बाहेर येत नाहीये," कल्पिता म्हणाली. ते हॉलभर ऐकू गेलं.

दिशा आणि मिथुन त्याच्यामागे गेले. तेवढ्यात उरलेले तिघे वर्तुळावर तुटून पडले. कल्पिताने एकाला पाडलं आणि पडली. तिच्या जागी लगेच भिंतीमागून प्रांजल आत सरकली. पाटी सरकावी तशी. ती आत आहे तोवर समोरच्यांचा आकडा अडून राहिला. मग प्रांजलही पडली. त्यांचे एकशे नव्वद, ब्याण्णव, चौऱ्याण्णव. आपले एकशे शहाऐंशी. मी खुर्चीची कड घट्ट धरली. सत्त्याण्णव झाले आणि कल्पिता धापा टाकत लांबून येऊन वर्तुळात शिरली. आकडा थांबला.

"मी आत आहे," ती ओरडली. "एकटी आहे. या!"

दिशाच्या समोर तो जखमी खेळाडू होता, हाताच्या अंतरावर.

"मिथुन, सोड त्याला," ती म्हणाली. "आत ये. सगळे आत!"

दोघे धावत आले. वर्तुळात जे झालं ते इतकं झटपट झालं, की मला फक्त आग दिसली. मग आत नुसते बोंबील उरले, लसूण एकही नाही. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. चौदा सेकंद मी बोटांवर मोजले. दोनशे.

पडद्यावर यादी आली. मिथुन वर, बावीस. तळाला कल्पिता, चार.

"परत शेवटची," मागून श्वेता म्हणाली.

संयोजकांनी पुढच्या राउंडचा कागद आणला. चार नावं लिहायची होती. दिशा हातात पेन धरून आधी यादीकडे बघत राहिली, मग कल्पिताकडे.

"चारच किल, कल्पू."

"हो."

"आणि मी सांगितलेलं ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"आम्ही ऐकलं ना तिचं शेवटी," मिथुन पुटपुटला. "म्हणून तर जिंकलो."

दिशाने त्याच्याकडे रागाने बघितलं. मग वाकून लिहायला लागली. "पुढच्या वेळी भिंतीमागे प्रांजल एकटी नको. मी पण थांबेन," ती वर न बघता म्हणाली. "आडनाव काय लिहितेस तू?"

"तांडेल," कल्पिता म्हणाली आणि तो कागद पुरा होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग खाली आली. मी खुर्चीवरची पिशवी उचलली. ती बसली.