पक्के दात नकोत

"हाडात खिळा? तुझ्या भाच्याला म्हणावं, खिळ्याचं आधी मला विचार," सोफेवाला म्हणाला. "लाकूड सुकलं की खिळा हलायला लागतो. माझं हाड काय जन्मभर ओलं राहणार आहे?"

"खिळा नाही हो, स्क्रू. त्यावर पक्के दात बसतात. काढायला नकोत, घालायला नकोत," बायको त्याच्यासाठी बटाटा कुस्करत म्हणाली.

सोफेवाल्याचे सगळे दात काढून झाले होते आणि हिरड्याही भरून आल्या होत्या. आता पक्के दात की काढता-घालता येणारी कवळी, एवढंच उद्या दवाखान्यात सांगायचं होतं. पण दवाखाना पडला बायकोच्या बहिणीच्या मुलाचा, आणि इथेच सोफेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली होती.

जन्मभर त्याने लोकांचे सोफे उसवले होते. वरून मखमल, आणि आत? कुजका काथ्या, जुनी पोती, एकदा तर चक्क उंदराचं बिऱ्हाड! दुकानात खुर्ची आली की तो आधी ती पालथी घालायचा, मग गिऱ्हाइकाशी बोलायचा. माणसांच्या बाबतीतही त्याचं तेच. दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणी म्हणून त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं. असा माणूस उघडून बघता येणार नाही अशी वस्तू तोंडात बसवून घेईल? नाव नको.

"कवळीच बरी. काढली, बघितली, घातली. आपला माल आपल्या हातात."

"कवळी नका हो घेऊ." बायको एकदम काकुळतीला आली. "सफरचंदाची साल आत अडकली की जीव नको होतो. चार माणसांत काढता येत नाही, तसंच हसत बसावं लागतं. हिरडी सोलवटते. शिंक आली की आधी तोंडावर हात!"

सोफेवाल्याने चमचा खाली ठेवला. अस्सं! म्हणजे भाच्याने चांगलंच पढवून पाठवलं होतं.

"सालीचं तुला काय माहीत? तुमचं मावशी-भाच्याचं काहीतरी शिजतंय. परवा मला बाहेर बसवून तू एकटीच आत गेलीस, वर दार लावून घेतलंत. मी काय आंधळा आहे?"

बटाटा कुस्करणारा बायकोचा हात थांबला.

"तुझं पहिल्यापासून असंच. तेव्हा बहिणीकडे जाऊन राहिलीस, ती हलायचं नाव घेत नव्हतीस..." हे त्याला बोलायचं नव्हतं. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि आज तोंडातून निसटलं.

"बोला ना पुढे," बायको म्हणाली. "मी परत आले, आणि तुम्ही माझ्या बॅगेचं अस्तर उसवलंत."

"कोण म्हणतं?"

"पुन्हा शिवूनही ठेवलंत. इतकं सुरेख, की बघताक्षणी कळलं. कारखान्यातली शिवण वेडीवाकडी होती. टाका तुमचा होता."

सोफेवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. शोधलं होतं त्याने. एखादी चिठ्ठी, फोटो, परपुरुषाची काही खूण. काही सापडलं नाही, तेव्हा संशय कमी व्हायचा सोडून आणखी वाढला होता.

"अस्तर उसवलंत," बायको म्हणाली, "तोंडात नाही बघितलंत."

तिने वरच्या दातांमागे अंगठा घातला आणि अख्खी ओळ काढून हातात घेतली. तिचा ओठ आत गेला, गाल बसले. सोफेवाला बघतच राहिला.

"हिरड्या सडल्या होत्या. तिकडे सगळे वरचे काढून घेतले, ही बसवली, सवय झाली, मग आले. आता भाचा घासून नीट करून देतो. त्यासाठी लावलं होतं दार."

"अगं, पण मला सांगायचंस तरी!"

"तुम्हाला? शेजारच्या वहिनींची कवळी तुम्हाला वाटीत दिसली, तर दुकानात आठवडाभर त्यांची नक्कल चालली होती तुमची. गिऱ्हाइकं पोट धरधरून हसायची. मीसुद्धा हसले." ती थांबली. "तुमच्या मनात काय आहे ते मला कळत होतं हो. संशय सोसला मी तुमचा. नक्कल सोसली नसती."

सोफेवाल्याला रडू फुटलं. बोळक्या तोंडाने रडताना आपण कसे दिसत असू ते त्याला ठाऊक होतं, पण आवरेना. बायकोनेही त्याला उगी केलं नाही.

"भाच्याला काय सांगू उद्या?" तिने विचारलं.

"कवळी."

"अहो, इतकं सांगितलं तरी..."

"कवळीच. कशी घालायची ते तू दाखव मला."

बायकोने कवळी पेल्यातल्या पाण्यात बुडवली.

"दाखवीन. पण आत्ता तिकडे तोंड करा."

सोफेवाल्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली. मागे पाणी हललं, मग काहीच ऐकू येईना. वळून बघावंसं फार वाटलं. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून, "हं, बघा आता," असं ती म्हणेपर्यंत तो भिंतीकडे बघत बसला.