न उतरलेलं हसू

मी किंजलचा कॅमेरा बोलतोय. बटण दाबलं की फोटो लगेच हातात देणारा. माझ्याकडे ना निगेटिव्ह, ना दुसरी प्रत. निघाला तो एकच.

किंजल झाई गावच्या मच्छीमाराची मुलगी. वापीच्या मामाने मला तिच्या हाती दिलं. रविवारी ती चिखले गावच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्यांचे फोटो काढायची. सुरुवातीला तिला काहीच ठाऊक नव्हतं. फिल्मचं पाकीट उन्हात ठेवायची, निघालेला फोटो पंख्यासारखा हलवायची. मी ओरडून सांगितलं असतं. पण मला डोळा आहे, तोंड नाही.

त्याच दिवसांत लाहू आला. तलासरीकडच्या पाड्यावरचा. त्याची बायको रखमी किंजलच्या घरी बोंबील वाळवायला यायची. दुसऱ्या दिवशी तो गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार होता.

"किंजल, याचा एक फोटो काढ ना," रखमी म्हणाली. तिच्या कडेवर सहा महिन्यांची पोर होती. "हिला दाखवायला."

"मागं दर्या येऊ दे," लाहू म्हणाला.

त्याच्या पाठीमागे सूर्य कलला होता. सगळा दर्या मावावा म्हणून किंजल दहा पावलं मागे गेली. माझा फ्लॅश कसाबसा दोन-तीन पावलं पोचतो. लाहू छान हसला. मी ते हसू पाहिलं. आणि तिने बटण दाबलं.

फोटोत दर्या सोन्यासारखा आला. लाहू मात्र शाईचा डाग. किंजल ओशाळली. फिल्म संपली होती.

"राहू दे," लाहू म्हणाला, "दर्या तरी आला."

त्या मोसमात त्याची बोट भर समुद्रात हद्द ओलांडून गेली. पलीकडच्या देशाने बोट धरली, सात खलाशांना तुरुंगात टाकलं. बोटीच्या मालकाचा फोन आला तेव्हा रखमी बोंबील उलटत होती.

त्यानंतर किंजल शिकली. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकली. फिल्म थंड जागी ठेवते. ऊन आपल्या पाठीशी घेते. माणसाला चार-पाच फुटांवर उभं करते. फोटो निघाला की न हलवता पालथा ठेवते, दहा मिनिटं बघतसुद्धा नाही. लोक म्हणतात, काय मस्त कॅमेरा आहे! मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा रखमी तोच फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आली. लाहूचं आधारकार्ड त्याच्याबरोबरच गेलेलं. घरात त्याचं म्हणून एवढंच.

"आता तुला चांगलं जमतं म्हणतात. यातून त्याचं तोंड काढून दे ना. पोर चार वर्षांची झाली. बाप कसा दिसतो, विचारते."

किंजलने मोबाइलमध्ये घेऊन उजेड वाढवला. काळ्याचं करडं झालं, बाकी काही नाही.

"रखमीताई, यात तोंड उतरलंच नाही गं."

"पण तो हसत होता."

"हो," किंजल म्हणाली.

ते हसू माझ्याच डोळ्यातून आत आलं होतं. मला ते धरून ठेवता आलं नाही.

मग किंजलने मायलेकींना चिकूच्या झाडापाशी उजेडात बसवलं. फोटो सुरेख आला; रखमीच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसतं. चिठ्ठीबरोबर तो सरकारी ऑफिसातून तुरुंगाकडे गेला. आठ महिने झाले, उत्तर नाही.

माझ्यात आता एकाच फोटोपुरती फिल्म उरली आहे. माझ्या मापाची फिल्म बनायची बंद झाली. डहाणू रोडला, वापीला, सगळीकडे विचारून झालं. रखमी म्हणाली, "ही त्याच्यासाठी ठेव." किंजलने माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली.

फिल्ममधलं रसायन दर महिन्याला थोडं थोडं सुकतंय, हे मला आतून कळतं. त्या दोघींना कसं सांगू?

लाहू, मी थांबेन रे. पण माझ्या पोटातली फिल्म थांबायची नाही. लवकर ये.