उशिरा पोचणारी नजर

मी एक जुनी टोपी आहे. मित्रांनो, हसू नका! लग्नात मिरवणारी नव्हे, तारांची. मुलांच्या डोक्यावर बसून मेंदूतल्या विजेची बारीक हालचाल मी टिपते. नवी होते तेव्हा काचेच्या कपाटात राहायचे. आता पिशवीत कोंबून गावोगाव नेतात, कुणी धड पुसतही नाही. चालायचंच.

त्या दिवशी दिग्रसला मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. बापाच्या कडेवर बसून चार वर्षांची पायल आली. तिला ऑटिझम आहे, स्वमग्नता म्हणतात ती. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. बाप धर्मपाल रोज तिची हनुवटी धरून म्हणायचा, "माह्याकडं पाह्य!" ती रडायची, मग तोही रडायचा.

"ताई, माही नजर तिले पोचते का नाही, एवढंच सांगा," तो तपासणाऱ्या केतकीताईंना म्हणाला.

पडद्यावर चेहरे येणार होते; काही समोर बघणारे, काही बाजूला. कोणत्या नजरेला पायलचा मेंदू कशी दाद देतो, ते मी टिपायचं होतं. मला तिच्या डोक्यावर चढवलं आणि माझा जीवच गेला. तेल! अगदी चप्प!

"डाक्टरकडं जायचं म्हनून मायनं चोपडून देल्लं," धर्मपाल ओशाळला.

तेलकट केसांत मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डोकं धुवायला घेतलं, तर पायलला पाण्याचा थेंब खपेना. ती किंचाळली, तिनं मला ओढलं, एक तार ताणली गेली. देवा, आता तुटते मी!

"राहू द्या आज. आमची गाडी निघेल," केतकीताई म्हणाल्या.

"थांबा ना, ताई!" धर्मपालनं शाम्पूच्या पाण्यात टॉवेल बुडवला आणि आधी स्वतःचं डोकं पुसलं. मग टॉवेल पायलच्या हातात दिला. तिनं त्याचं डोकं पुसलं. मग हळूच तिनं स्वतःचंही पुसू दिलं.

मला पुन्हा तिच्या डोक्यावर चढवलं आणि चेहरे सुरू झाले. धर्मपाल श्वास रोखून उभा होता. समोर बघणारा चेहरा आला. काहीच नाही. आणि मग तिच्या मेंदूत लहर उठली! पुन्हा पुन्हा चेहरे दाखवून केतकीताईंनी सगळ्या लहरी एकत्र पाहिल्या.

"नजर पोचते, दादा. फक्त उशिरा. तिच्या मनात काय आहे, ते मात्र ही टोपी सांगत नाही."

"मंग मी थांबतो ना!" धर्मपाल म्हणाला. तो तिथंच फरशीवर तिच्या शेजारी बसला.

मित्रांनो, मला वापरल्यावर धुवा, सावलीत वाळवा. आणि तुमच्या वर्गात अशी एखादी पायल असेल, तर 'इकडे बघ' म्हणून तिचा पिच्छा पुरवू नका. आमची गाडी निघाली तेव्हा पायल बापाकडे बघत नव्हती, तरी तो हसत होता.