दोन पांढऱ्या वेलांचं निळं फूल

सदाशिवरावांनी पहिल्या वेलाचं फूल खुडलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि मग दुसऱ्या वेलाचं खुडलं. तेही निळंच. ओळीत चाळीस वेल होते आणि चाळीसही निळे, एकाच बादलीत बुचकळून काढल्यासारखे. सेलूजवळच्या या रोपवाटिकेत पंचवीस वर्षांत कोणी निळी गोकर्ण लावली नव्हती. सदाशिवरावांचा तसा हुकूमच होता. गिऱ्हाइकानं मागितली, तर ते त्यालाच पांढरीचं कौतुक ऐकवून परत पाठवायचे.

“निळं बी कोनं आनलं?” त्यांनी विचारलं.

त्यांची एकुलती एक लेक मयुरी ओट्यावर बसून बियांच्या पुड्या बांधत होती. शेतकी शिकून आली, तरी तिची बसायची जागा लहानपणापासून तीच होती.

“कोनीच नाई, बाबा. पराग तुमीच लावला. पिशव्याबी तुमीच बांधल्या.”

हे खरं होतं, म्हणूनच त्यांना ओरडता येईना. घरच्या पांढऱ्या वेलाचा आणि आर्वीच्या पांढऱ्या वेलाचा संकर त्यांनी स्वतःच्या हातानं केला होता. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी पराग लावायचा, वर कागदी पिशवी बांधायची. या कामात लेकीवरसुद्धा त्यांचा भरवसा नव्हता.

“दोन पांढऱ्याच्या पोटी निळं कसं येईन?”

“येते. निळा रंग बनाले दोन गोष्टी लागतात, असं समजा. एक आपल्या वेलात बिघडली, दुसरी आर्वीच्या. एकाजवळ नाई ते दुसऱ्याजवळ आहे. रंग कुठं गेला नव्हता, बाबा. अर्धा इथं होता, अर्धा तिथं.”

बोलता बोलता ती थांबली.

“म्हंजे दोन्ही वेल मुळात निळ्याचेच. आर्वीचा वेल अनुसयामावशीचा, अन् तिले बी आईनं देल्लं होतं. तुमी तं म्हनत होते, आपल्या घरी निळी गोकर्ण कधी नव्हतीच.”

फुलं चुरगळून सदाशिवरावांची बोटं निळी झाली होती. ती त्यांनी पायजम्याला पुसली, पुन्हा पुसली. आई शेतात साप चावून गेली, एवढंच मयुरीला लहानपणापासून सांगितलेलं. तेव्हा ती दोन वर्षांची होती.

“येवढ्याशा फुलासाठी काऊन खोटं बोलले, बाबा?”

सदाशिवरावांनी वेलांकडे पाहिलं. शेंडे बांबूच्या काड्या सोडून जमिनीवर उतरले होते आणि झाडून सगळे ओट्याच्या दिशेनं निघाले होते. ऊन तर दुसऱ्या बाजूला होतं. त्यांना भीती वाटली, लेकीचीही वाटली.

“उपटून टाकतो हे,” ते म्हणाले. पण हात पुढे गेला नाही.

“तवाबी उपटलाच असन.”

“उपटला. मुळासकट. खाली सांडलेल्या बियांतून मंग एकच रोप आलं, पांढरं. म्हटलं, सुटलो.” ते वेलांपाशी खाली बसले. “साप नव्हता, मयुरी. आदल्या दिवशी मी लई बोललो होतो तिले. सकाळी पाह्यलं तं पान्यावर तिची फुलं होती. कठड्यावर तिनंच लावला होता तो वेल.”

“कोनत्या कठड्यावर?”

“विहिरीच्या.”

“आपल्याकडं विहीर कुठं आहे?”

सदाशिवरावांनी मान वर केली, पण लेकीकडे पाहिलं नाही. ती बसली होती त्या जागेकडे पाहिलं.

मयुरीनं हातातली पुडी बाजूला ठेवली. फरशीला हात न लावता ती हळूच ओट्यावरून खाली उतरली.