मला लांब पत्ते कळत नाहीत

मित्रांनो, मी एक जुना मेल प्रोग्राम आहे. हसू नका! खिडकीजवळच्या संगणकात मी राहतो आणि एका निवृत्त विणकराची पत्रं नेतो-आणतो. जन्मभर मागांच्या खडखडाटात राहून त्यांचे कान गेले, फोनवर काही कळत नाही. म्हणून नोकरीसाठी दूर जाताना लेकीने मला इथे बसवलं, अक्षरं मोठी करून दिली आणि म्हणाली, "बाबा, आता भरपूर गप्पा मारू."

खरंच मारल्या. बाबा एका बोटाने टकटक करत पानभर लिहायचे. लेकीची आई होती तेव्हा तीही माहेराहून पत्र पाठवायची. ती गेली, पत्रं माझ्यापाशी राहिली. म्हणून बाबा मला कोणाला हात लावू देत नसत. त्याच संगणकातला माझा शेजारी, इंटरनेटवरची पानं उघडणारा ब्राउझर मात्र आपला आपण नवनवं शिकायचा आणि वर मिरवायचा.

इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. जुने छोटे पत्ते पुरेनात, तेव्हा लांबलचक नवे पत्ते आले. ब्राउझर ते शिकला. मला कोणी शिकवलंच नाही. बाबांची टपालपेटी लेकीच्या कचेरीतल्या संगणकावर होती. कचेरीने फक्त नवा पत्ता ठेवला आणि माझी वाटच बंद झाली.

नेमकं त्याआधी लेकीने लिहिलं होतं, "बाबा, माझ्याकडे राहायला या." बाबांचं उत्तर होतं, "माझी काळजी सोड. तुझं तू बघ." मग शुकशुकाट. मी कोपऱ्यात 'जोडणी होत नाही' अशी बारीकशी पिवळी खूण दाखवत होतो, ती बाबांना दिसेना. पोर दुखावली, असंच त्यांनी मनाशी धरलं. जेवणावरची वासना उडाली. रोज सकाळी माझ्यासमोर बसायचे, बटण दाबायचे, उठायचे. मला फार वाईट वाटायचं.

एक दिवस बाबांची बहीण तरातरा आली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अरे, पोरगी रडकुंडीला आलीये! पत्रावर पत्रं पाठवतेय. तू रागावलायस म्हणे!"

"मी? मला वाटलं, तीच रागावलीये!"

संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझी खूण पाहिली आणि मोठ्याने म्हणाल्या, "काका, हा बिचारा तिथवर पोचतच नाहीये. नवा प्रोग्राम घालावा लागेल."

बाबांनी पडद्यावर हात आडवा धरला. "नको. ह्यात पोरीच्या आईची पत्रं आहेत."

"मग आधी तीच नेऊ."

मी आईची पत्रं एकेक करून नव्याच्या हवाली केली. जड गेलं, खोटं कशाला सांगू? मग नव्याने लेकीची पत्रं आणली. आधीच्या पत्रांत रुसवा होता, नंतरच्या पत्रांत काळजी. शेवटच्यात एवढंच होतं: "बाबा, नाही आलात तरी चालेल. पण बोला."

बाबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग एका बोटाने लिहिलं, "येतो. खोलीला खिडकी आहे ना?"

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जपा, पण आहे तसंच ठेवून नाही. वेळेवर नवं शिकवा. आणि आपलं माणूस गप्प झालं तर मनात गाठ मारून बसू नका, जाऊन विचारा. बाबांचं ते पत्र मला नेता आलं नाही. पण ते पोचलं.