अरशादचं गलबत

डाएंग गासिंगने आयुष्यात कुणाला काही दिलं नाही, असं कुणी म्हणू नये. ईदला शेळी दिली, बायकोला सोन्याच्या बांगड्या केल्या, शेजाऱ्याच्या पोरीची कॉलेजची फी भरली. हातातलं काम मात्र त्याने कधी कुणाला दिलं नाही. ताना बेरू गावच्या किनाऱ्यावर त्याचा गलबतं बांधायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, नारळींखालची वाळू, वर पत्रे आणि मधोमध उभा लाकडाचा सांगाडा. तीसेक माणसं कामाला होती, आणि त्यातला एकही जण डाएंगला विचारल्याशिवाय साधी लाकडी खुंटी ठोकत नसे. आमच्याकडे गलबताचा नकाशा कागदावर काढत नाहीत. तो मुख्य कारागिराच्या डोक्यात असतो, आणि त्या कारागिराला सगळे पुंगावा म्हणतात. डाएंगचं म्हणणं असं की नकाशा माझ्या डोक्यात आहे, तर दुसऱ्या कुणाला विचारून काय उपयोग?

त्याचा मुलगा अरशाद चाळिशीला आला होता. मिसरूड फुटल्यापासून तो बापाच्या हाताखाली राबत होता. काम त्याचं चांगलं होतं, हे डाएंग चारचौघांत सांगायचा, पण अरशाद तिथे नसताना. तोंडावर म्हणायचं झालं तर "ठीक आहे" एवढंच, आणि तेही मेहेरबानी केल्यासारखं.

त्या वर्षी एका मोठ्या गलबताचं काम अंगावर आलं. शिडी चढताना डाएंगला धाप लागायला लागली होती. ते सगळ्यांना दिसत होतं, पण बोललं कुणी नाही. बोलली ती त्याची बायको सोहोरा, रात्री बापलेकांना मासळी वाढता वाढता.

"डाएंग, लाबुआन बाजोच्या सहलवाल्यांचं गलबत अरशादला द्या."

"दिलं की. उद्यापासून लाग म्हणावं कामाला."

"कामाला नाही म्हणत मी. आख्खं द्या. कणा बसवण्यापासून पाण्यात लोटेपर्यंत. तुम्ही सावलीत बसून कॉफी प्यायची."

"आणि चुकला म्हणजे?"

"चुकेल. तुम्ही काय आईच्या पोटातून करवत घेऊन आला होता?"

अरशाद ताटातल्या माशाचे काटे काढत राहिला. डाएंगने भात चिवडला. "बरं. घे," तो म्हणाला. अरशादने मान वर केली. एवढ्या मोठ्या बाप्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता, आणि तो पाहून सोहोराला भरून आलं.

गलबताच्या तळाचा कणा म्हणजे एकच लांबलचक लाकूड. कामाचा मुहूर्त करायचा तो त्याची दोन्ही टोकं हातकरवतीने कापून. पुढचं टोक समुद्रात सोडतात, मागचं घरात ठेवतात. एक दंडक आहे: करवत एकदा चालू झाली की टोक पडेपर्यंत थांबता कामा नये. दमलं तर माणूस बदला, पण करवत चालती ठेवा. मधेच थांबली तर ते गलबत दर्यात दगा देतं, असं आम्ही मानतो.

सगळा किनारा गोळा झाला होता. अरशादने बिस्मिल्ला म्हणून करवत लावली. लाकूड लोखंडासारखं कठीण, पण त्याने लय धरली होती. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर त्याने मुठीवरची पकड जरा बदलली. करवत हळू झाली, थांबली नव्हती. सावलीत बसलेल्या डाएंगला मात्र ती थांबणारच असं वाटलं. तो उठला, माणसं बाजूला सारत आत शिरला आणि त्याने मूठ आपल्या हातात घेतली.

"बाजूला सर. थांबेल ती."

करवत थांबली नाही, खरं आहे. टोक वाळूत पडलं तेव्हा डाएंगची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कामगारांतला सगळ्यात जुना सांपारा म्हणाला, "पुंगावा, अजून आम्हाला भारी आहात." सगळे हसले. अरशादही हसला. डाएंगला वाटलं, लेकाची लाज राखली आपण.

तिथून पुढे डाएंग खरोखर सावलीत बसू लागला. बसणं तेवढं खरं होतं. दुपारी माणसं जेवून झावळ्यांखाली आडवी झाली की तो हातोडी घेऊन सांगाड्यापाशी जायचा. अरशादने मारलेली एखादी खुंटी त्याला तिरकी वाटायची, ती काढून तो दुसरी बसवायचा. एखाद्या फळीची कड त्याला जाड वाटायची, ती तो तासून ठेवायचा. कुणाला काही सांगायचा नाही. सांगितलं तर पोराला वाईट वाटेल, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. खरं म्हणजे ती दुपारची घटका त्याला दिवसातली सगळ्यात गोड लागत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

एकदा सांपारा अंग चोरत त्याच्याजवळ येऊन बसला. "अरशाद म्हणतो गलबताचं पोट जरा रुंद ठेवू. पाहुण्यांच्या खोल्या मोठ्या होतील. तुमचं काय म्हणणं?"

"मी कोण सांगणारा? गलबत त्याचं आहे." डाएंगने कॉफीचा घोट घेतला. "मी असतो तर ठेवलं नसतं, एवढंच."

सांपाराला पडत्या फळाची आज्ञाच हवी होती. दोन दिवसांनी फळ्या बसल्या त्या जुन्या मापाच्या. अरशादने विचारलं, "हे कुणी सांगितलं?" सगळ्यांचे डोळे सावलीकडे गेले. अरशादनेही तिकडे पाहिलं. मग तो वाकून पुढच्या फळीला लागला.

फळ्या निम्म्या उंचीला आल्या तेव्हा एका सकाळी तो बॅग घेऊन आला. त्याने बापाचा हात हातात घेऊन कपाळाला लावला.

"समुद्रापलीकडे कालिमांतानला चाललोय, तेत्ता. तिथे बातूलिचिनला गलबतं बांधणाऱ्या एकाला माणूस हवाय. बायकापोरांनाही नेतोय."

"आणि हे गलबत?"

"तुम्ही आहात की."

डाएंगने अर्ध्या गलबताकडे पाहिलं. थांब, असं म्हणायचं होतं त्याला. तो म्हणाला, "आपली माणसं जातातच पोटामागे. जा, जपून राहा." अरशाद गेला. डाएंग त्या दिवशी दुपारी हातोडी घेऊन उठला नाही. कुणाची खुंटी तपासायची तेच राहिलं नव्हतं.

गलबत पुरं झालं. पाण्यात लोटण्याआधी त्याची नाभी पाडावी लागते, म्हणजे कण्याच्या बरोबर मधे गिरमिटाने भोक पाडायचं. गलबत हे बांधणाऱ्याचं लेकरू मानतात, म्हणून ज्याने ते वाढवलं त्याच्याच हातून हे व्हायचं असतं. आदल्या संध्याकाळी चिकट भात शिजत होता, केळ्यांचे घड येऊन पडले होते, आणि सोहोराने फोन नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"ज्याचं त्याला बोलवा."

अरशाद गेल्यापासून फोन सोहोराच करायची. डाएंगने आज पहिल्यांदा लावला.

"उद्या नाभी आहे. सकाळच्या विमानाने ये. तुझ्यासाठी थांबतो आम्ही."

"तुम्हीच करा, तेत्ता."

"गलबत तुझं आहे."

पलीकडून कुणीतरी लाकूड तासत असल्याचा आवाज येत होता. मग अरशाद म्हणाला, "रोज दुपारनंतर मी आधी फेरी मारायचो. आज तुम्ही कुठली खुंटी बदललीत ते बघायला. तुमची खुंटी ओळखू येते मला. लहानपणापासून बघतोय."

"माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. वाटायचं, आज हाक मारतील. म्हणतील, अरे गाढवा, इथे चुकलास, असं नाही, असं कर. चुकलोही असेन. शिकलो असतो ना. तुम्ही मला रागावलासुद्धा नाहीत, तेत्ता. परक्याच्या पोराचं झाकावं तसं झाकलंत."

"अरशाद, माझं..."

"इकडे माणसं मला विचारतात, पुढे काय करू. सुरुवातीला मीच मागे वळून बघायचो, तुम्ही आहात का. आता जमतंय. अम्माला जपा."

फोन बंद झाला. डाएंग गासिंग, ज्याने बापाच्या मयतीतही डोळ्याला ओढणी लावणाऱ्या बायकांना गप्प केलं होतं, तो जिन्याच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडला. "चुकलं माझं," तो सोहोराला म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली, पण त्याच्या शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गलबताच्या पोटाखाली माणसं दाटीवाटीने बसली. दुआ झाली. कुणीतरी गिरमिट डाएंगच्या हातात दिलं. त्याने ते सांपाराच्या हातात ठेवलं.

"तू कर."

"मी?" सांपारा मागे सरकला. "पुंगावा, मी कसा?"

"इतकी वर्षं राबलास ना? तू कर. मी अवाक्षर बोलणार नाही."

कुजबूज झाली. सांपारा घाबरत घाबरत कण्यापाशी गेला. त्याने टोक लावलं, एक फेरा फिरवला आणि डाएंगकडे पाहिलं. डाएंगची मान सवयीने हलली. सांपाराने दुसरा फेरा दिला, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यालाही तेच. गिरमिट लाकडाकडे आणि डोळे डाएंगकडे. डाएंगने आजूबाजूला पाहिलं तर तीसच्या तीस माणसं त्याच्याच मानेकडे बघत होती. या सगळ्यांना हे आपणच शिकवलं, हे त्याला कळलं, आणि त्यांच्यात एकच जण असा होता की ज्याने न विचारता पोट रुंद ठेवायचं ठरवलं होतं.

तो गलबताखालून बाहेर आला. वाळू तुडवत पार पाण्यापर्यंत गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे बघायला कुणाला त्याचा चेहरा सापडू नये. मागे गिरमिटाचा आवाज थांबला. डाएंग वाट बघत राहिला. आता फिरवेल, आता फिरवेल. आवाज आला नाही.

"पुंगावा," मागून सांपाराने हाक मारली, "फिरवू का पुढे?"

पाण्याकडे बघतच डाएंग म्हणाला, "फिरव."